इंदूने उतरवून घेतलेला खेळ

इंदू फणसे भांडकुदळ आहे, हे देवासला तहसील कचेरीबाहेरच्या चहावाल्याला विचारलंत तरी तो सांगेल. 'उनसे मत उलझना भिया,' असंही वर सांगेल. कडुनिंबाखाली तिचं टेबल आहे. पूर्वी त्यावर टाइपरायटर असे, आता लॅपटॉप आणि प्रिंटर असतो. विधवा पेन्शन, जमिनीचं नामांतरण, रेशनकार्ड, बंद पडलेला नळ, कसलाही अर्ज असो, ती लिहिते, आणि साहेब ऐकत नसेल तर अर्जदाराचा हात धरून आत जाते नि टेबलावर हात आपटते. शिक्षण म्हणाल तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सुटलं. कायदा ती फाटक्या पुस्तकांतून आणि रिकामटेकड्या वकिलांच्या गप्पांतून शिकली. लग्न केलं नाही. भावाच्या घरात राहते, पण भावाच्या जिवावर नाही, हे ती न विचारता सांगते.

हा भाऊ धीरज, तिच्याहून लहान. देवासच्या एका कारखान्यात नोकरी, स्वभाव शांत, गल्लीत मान. बहिणीचा त्याच्यावर किती जीव, असं लोक म्हणतात. धीरज खोलीत आला की इंदू उठून उभी राहते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आलंय. धाकट्या भावासाठी कोण उठून उभं राहतं?

फणसे मूळचे धारचे. मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेली ही साधी माणसं, तलवार कोणाच्या हाती नव्हती, हिशेब आणि पागा एवढंच. इंदूचे वडील मोरोपंत, ज्यांना घरीदारी तात्याच म्हणत, ते कोर्टात नकलनवीस होते. निकालाची नक्कल हवी असली की पक्षकार त्यांच्या खिडकीशी यायचे. तात्यांनी इंदूला लहानपणीच समास सोडणं, खाडाखोड न करणं आणि आपलं डोकं न घालणं शिकवलं होतं. 'नक्कल करणाऱ्याने शहाणपणा केला की कोणाचं तरी शेत जातं,' ते म्हणायचे. तिचं अक्षर इतकं नेमकं झालं की अर्ध्या नकला ती घरी बसून करायची आणि सही तात्यांची व्हायची.

खेळ आला तो नव्वदीच्या सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात. शेजारचा भूपेंद्र, धीरजचा शाळासोबती, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. त्याचा मोठा भाऊ इंदूरला होस्टेलला होता. तिथे शिकायला आलेल्या कोणा परदेशी पोराचं ते पुस्तक, सुट्टीपुरतं उसनं.

'इंदू दीदी, गजब चीज है,' भूपेंद्र म्हणाला. 'ना पट, ना सोंगट्या. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी खेळायचं. तो विचारतो, तू जंगल में खडा है, काय करतोस? आपण सांगायचं, हे करतो. मग वो बताता है, काय झालं.'

'मग जिंकतं कोण?'

'कोणीच नाही. बस चलता रहता है.'

इंदूला पुस्तक आवडलं ते त्यातल्या कोष्टकांमुळे. तलवारीला किती, भाल्याला किती, उंचावरून पडलं तर किती, सगळं रकान्यांत. झेरॉक्सचं मशीन धारला होतं, पण एवढ्या पानांचे पैसे कोण देणार? तिने कोर्टाच्या जाड कागदाच्या वह्या शिवल्या, तात्यांची दौत घेतली, शब्दकोश मांडीवर ठेवला आणि उतरवायला बसली. इंग्रजी तिला अडत अडत येई. धीरजला मराठी धड येत नव्हती, हिंदी शाळेत गेलेलं पोर. म्हणून तिने मराठीत लिहिताना मध्ये मध्ये हिंदी घातली. पात्राच्या अंगात किती मार सोसायची ताकद उरली, त्यासाठी पुस्तकात एक आकडा होता. तिने त्याला 'श्वास' म्हटलं. श्वास संपला की पात्र मेलं. पुस्तकातल्या वीस बाजूंच्या फाशाऐवजी चिठ्ठ्यांवर आकडे लिहून तिने पानाच्या डब्यात भरले. उडणाऱ्या, आग ओकणाऱ्या जनावराला अजगर लिहिलं तेव्हा भूपेंद्र हसून लोळला. 'अजगर उडतो का, दीदी? पंखा लगाया है?'

'तू लिही मग!' इंदू कडाडली.

तिथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. नावांपाशी ती अडली. पुस्तकातली नावं जिभेवर बसत नव्हती आणि जिवंत माणसाचं नाव घालणं तिला बरं वाटेना, खेळात मेला तर? तिला पाठ होती ती एकच यादी, पितृपक्षात दरवर्षी कानावर पडणारी. श्राद्धाला बायका सोवळ्यात चुलीपुढे असत. बाहेर गुरुजी एकेक नातं, नाव, गोत्र उच्चारत आणि तात्या त्या त्या माणसाला बोलावून पाणी देत. वडे तळता तळता इंदूने ती नावं ऐकली होती. मालोजी तिचे खापरपणजोबा, म्हातारे होऊन अंथरुणात गेलेले. त्यांना तिने भूपेंद्रला दिलं. यादीत सर्वांत शेवटी येई तो विठोबा, तात्यांचा चुलता. पागेतल्या नोकरीवरचा सोळा वर्षांचा पोरगा, एका दुपारी मांडूच्या वाटेने निघाला तो परत आला नाही. प्रेतही सापडलं नाही. वाट पाहून पाहून घरच्यांनी शेवटी गवताचा पुतळा जाळला आणि क्रिया उरकली. विठोबा तिने धीरजला दिला. वयही जुळत होतं.

आणि एक नियम तिने पदरचा घातला. सुरुवातीला सांगणाऱ्याने मध्ये पाण्याचा तांब्या ठेवावा, प्रत्येक पात्राला नातं आणि नाव घेऊन बोलवावं, पात्राने 'आलो' म्हणावं. पुस्तकात असलं काही नव्हतं. तिला वाटलं, असं केलं की खेळाला वजन येतं. आलं खरं.

सुट्टीत बंद असलेल्या शाळेच्या ओट्यावर ते तिघं बसायचे. भर दुपार, लूचा गरम वारा वाहतोय, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मालोजी म्हणून भूपेंद्र खिदळत 'आ गया, आ गया' म्हणायचा. धीरजही आधी तसाच होता. किल्ल्यावर जायचं, अजगर मारायचा, खजिना लुटायचा. मग त्याचं हसणं कमी झालं. 'आलो' म्हणायला तो वेळ लावू लागला, जणू लांबून चालत येतोय.

'विठोबा, पुढे दोन वाटा आहेत,' इंदू सांगायची. 'एक किल्ल्याकडे चढते, दुसरी खाली पायऱ्यांच्या बावडीकडे. काय करतोस?'

'खाली.'

'अबे, रोज खाली?' भूपेंद्र वैतागायचा. 'खजाना ऊपर है!'

'बावडी कोरडी आहे,' इंदूने एकदा सांगून टाकलं.

'पाणी आहे,' धीरज म्हणाला.

'बतानेवाली वो है के तू?' भूपेंद्र म्हणाला.

'पाणी आहे. खालून तिसऱ्या पायरीला शेवाळ आहे. तिथे पाय सरकतो.' हे तो मराठीत म्हणाला, स्वच्छ, एकेक शब्द मोजून. धीरज, ज्याला 'सरकणे' आणि 'सरकार' यांतला फरक तात्यांनी दोनदा समजावला होता.

इंदूच्या अंगावर काटा आला आणि त्याचबरोबर मजाही वाटली. खेळ रंगलाय असं तिला वाटलं. तिचंही वय काय होतं हो?

पुस्तक परत द्यायच्या दिवशी ते शेवटचे बसले. विठोबा बावडीत उतरत होता.

'उतरलास. खाली गारवा आहे,' इंदू म्हणाली. 'वरचं ऊन वाटीएवढं दिसतंय.'

'खाली कोणी बसलंय का?'

तिने असंच, सुचलं म्हणून सांगितलं, 'हो. तुझ्याच वयाचा एक मुलगा.'

धीरजने मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. 'मग मी त्याला म्हणतो, तू जरा इथे बैस, मी वर जाऊन पाहून येतो.'

पुस्तकाचा नियम होता. दुसऱ्याकडून काही करवून घ्यायचं तर चिठ्ठी काढायची आणि आकडा मोठा आला तर त्याने ऐकलंच पाहिजे. इंदूने डब्यात हात घातला. डब्यातला सर्वांत मोठा आकडा वर आला.

'बसला तो,' ती म्हणाली.

तेवढ्यात घरून माईची, त्यांच्या आईची, हाक आली. भूपेंद्र पुस्तक काखेत मारून पळाला, इंदूने वह्या आवरल्या. धीरज जागचा हलला नाही. आपले हात उलटसुलट करून पाहत होता. मग त्याने मधला तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात, गळ्याचा आवाज करत प्यायला.

'आक्का,' तो म्हणाला, 'आणखी पाणी मिळेल काय?'

तोवर तो तिला दीदी म्हणत होता.

खरी गंमत पुढे झाली आणि इंदूला तिची आजही चीड येते. घरात आरडाओरडा व्हायला हवा होता, डॉक्टर, बुवा, काहीतरी. झाला आनंद! पोरगा पहाटे उठतो, वडीलधाऱ्यांना अहोजाहो करतो, 'मजजवळ', 'ठाऊक', 'करावयास' असं बोलतो. तात्यांचे डोळे भरून आले. 'पोराची मराठी सुधारली हो!' त्यांनी गल्लीभर सांगितलं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात धीरजला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं. भाषेच्या काळजीने झुरणाऱ्या मंडळींनी त्याची पाठ थोपटली. हिंदीत वाढलेलं पोर एका सुट्टीत आजोबांसारखं कसं बोलायला लागलं, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. माईला काहीतरी जाणवलं असावं. ती त्याला वाढताना मान वर करत नसे. पण बोलली नाही, आणि लवकरच गेली.

भूपेंद्रला मात्र कळलं. सिनेमाला चल म्हणून तो बोलवायला आला, ओट्यावर उभा राहून धीरजशी दोन वाक्यं बोलला आणि घामाघूम होऊन परत फिरला. 'दीदी, वो अपना धीरज नहीं है,' एवढंच तो इंदूला म्हणाला. पुढे तो मनावर गावी कापसाच्या धंद्यात शिरला आणि फणशांकडे फिरकला नाही.

इंदूने खेळ पुन्हा मांडून पाहिला. तांब्या ठेवला, बोलावलं. 'मी आलेलोच आहे, आक्का,' तो सौम्यपणे म्हणाला आणि तिच्या हातातून वह्या काढून घेऊन बंबात घातल्या. तिने विरोध केला नाही. त्या वह्यांत उपाय नव्हता हे तिला ठाऊक होतं, शब्द न् शब्द तिनेच तर उतरवला होता.

मग वर्षं गेली, तशी जातातच. धीरजला देवासला नोकरी लागली, सगळे इकडे आले. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव त्यानेच किमया ठेवलं. आणि इथे इंदूची पंचाईत झाली, कारण असा बाप तिने पाहिला नव्हता. रात्र रात्र पोरीला खांद्यावर घेऊन फिरणारा, तिची वेणी घालणारा, तिला कधी विहिरीच्या काठाशी जाऊ न देणारा. किमयाचंही सगळं जग म्हणजे बाबा. इंदू जगाशी भांडायला शिकली ती याच वर्षांत. घरात ज्याच्याशी भांडायला हवं होतं त्याच्याशी भांडायला तिच्याकडे शब्द नव्हते, ते तिने कचेरीत वापरले.

शब्द मिळाले ते गेल्या पितृपक्षात.

तात्यांच्या जाण्यानंतर श्राद्ध धीरजच करत होता. या वेळी इंदू म्हणाली, मी पाटावर बसणार. गुरुजी गडबडले.

'ताई, बायकांनी आत बसायचं असतं.'

'आत म्हणजे कुठे? चुलीत?'

'आत्या, तू पण ना!' किमया स्वयंपाकघरातून हसली.

'तसं शास्त्र नाहीये हो,' गुरुजी म्हणाले.

'बापाचा दवाखाना मी केला, तेव्हा शास्त्र कुठे गेलं होतं? सरका.'

धीरजने स्वतः तिच्यासाठी पाट मांडला. इंदू बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने श्राद्ध चुलीपुढून न ऐकता समोर बसून पाहिलं. नावं आली तशी ती ओठांत म्हणत गेली. यादी संपली.

'विठोबा राहिले,' ती म्हणाली.

'त्यांस बोलावण्याचं कारण नाही,' धीरज म्हणाला. आवाजात राग नव्हता. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि पुढे गेले.

पिंड झाले, पाणी झालं. आत पानं वाढण्याची धांदल सुरू झाली. आता संपलं, असं इंदूला वाटलं, कारण तिचं श्राद्ध नेहमी इथेच संपत असे, यापुढे खिरीचं भांडं आणि कावळ्याचं पान. इतक्यात धीरज उठला. 'आक्का, पुढचं तुम्ही करा. मला जरा बाहेर जाऊन यावं लागेल.' चप्पल न घालताच तो रस्त्यावर गेला.

'दरवर्षी हे असंच,' गुरुजी कुरकुरले. 'शेवटाला यजमान गायब. घ्या, हातात पाणी घ्या.' आणि ते एक संस्कृत वाक्य म्हणाले, जे इंदूने कधीच ऐकलं नव्हतं.

'याचा अर्थ काय?'

'निरोप हो. आलात, जेवलात, तृप्त झालात, आता आल्या वाटेने परत जा. बोलावल्यावर पाठवायला नको का? नाहीतर बसून राहायचे इथेच!' ते आपल्याच विनोदावर हसले.

इंदूच्या हातातलं पाणी बोटांच्या फटींतून खाली गळून गेलं. तिने बोलावणं उतरवून घेतलं होतं. पाठवणं तिने ऐकलंच नव्हतं. तिने नाही, माईने नाही, त्या घरातल्या कोणत्याच बाईने नाही, कारण त्या क्षणी त्या सगळ्या वाढत होत्या.

गुरुजींकडून ते वाक्य तिने तिथल्या तिथे पाठ करून घेतलं.

जेवणं झाली. धीरजची बायको शेजारी ताट द्यायला गेली. किमया आत भांडी लावत होती. धीरज परत येऊन गॅलरीत खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. इंदू यावेळी उभी राहिली नाही. स्टूल ओढून त्याच्या समोर बसली.

'विठोबा,' तिने विचारलं, 'काय करतोस?'

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. 'बरीच वर्षं लावलीत विचारायला.'

'धीरज कुठाय?'

'तुम्ही जिथे बसवलंत तिथे.'

'कसा आहे?'

'सोळाचाच आहे. तिथे वय होत नाही. मी होतो ना, मला ठाऊक आहे. हाका ऐकू येतात, देता येत नाहीत. तहान फार लागते.' तो रस्त्याकडे पाहू लागला. 'मी मेलो हे मला कोणी सांगितलं नाही, आक्का. गवत जाळलंत. मग एके दिवशी तुम्ही नातं लावून बोलावलंत. मी आलो. यात माझा अपराध असेल तर सांगा.'

'मी निरोप दिला तर?'

'जाईन. अडणार नाही.'

'आणि तो?'

'येईल. शाळेतलं पोर येईल. स्वतःचे पांढरे केस पाहील. आणि किमया चहा घेऊन येईल, तिला विचारेल, आप कौन?' त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला. 'तेवढं तिला कसं सांगणार, ते आधी ठरवा.'

आतून किमयाने हाक मारली, 'बाबा, चाय मीठी करू की फीकी?'

'तुला आवडेल तशी कर, बाळा.'

इंदू अशा वेळी विचार करत नाही. कचेरीत केला नाही, तिथेही केला नाही. तिने डोळे मिटले आणि वाक्य म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यावर आली असेल नसेल, खुर्ची करकरली. तिने डोळे उघडले. समोरचा माणूस तोच, चष्मा तोच, पण खांदे पडले होते, ओठ सुकून पांढरे झाले होते आणि डोळे उन्हात आल्यासारखे मिचमिचत होते.

'दीदी?' फुटू लागलेला, पोरगेला आवाज. 'दीदी, किती वेळ झाला यार. इथे कोणी येतच नाही. मी वर येऊ का?'

इंदूने हात पुढे केला. त्याच्या गुडघ्यापर्यंत नेला. उरलेले शब्द जिभेवर होते, चारपाच, त्याहून जास्त नाहीत. आत कपबश्या ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज झाला, किमयाचं गुणगुणणं जवळ येऊ लागलं.

'दीदी, सांग ना. काय करू?'

'बस,' इंदू म्हणाली. 'तिथेच बस. मी सांगेन तेव्हा ये.'

'हौ,' तो म्हणाला. ऐकणारं पोर होतं ते, पहिल्यापासून. खांदे हळूहळू वर आले, पाठ सरळ झाली आणि डोळ्यांतून तो निघून गेला.

पडदा सारून किमया आली. बाबांच्या हातात कप दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, आणि इंदूकडे पाहायचं धाडस केलं नाही.

'आत्या, कोण आलं होतं?' किमयाने विचारलं. 'कोणी मुलगा बोलत होता ना?'

इंदूने आपला कप उचलला. न पिताच पुन्हा ट्रेमध्ये ठेवला.

'कोणी नाही गं,' ती म्हणाली.